मध्यकावरून अज्ञात वारंवारता काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गीकृत वारंवारता सारणीतील एक किंवा दोन वारंवारता, म्हणजे त्या त्या वर्गातील निरीक्षणांच्या संख्या, दिलेल्या नसतात, मध्यक मात्र दिलेला असतो, आणि त्यावरून रिकाम्या जागा भरायच्या असतात. या प्रकारच्या उदाहरणांबद्दल दहावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि नव्याने शिकवू लागलेले शिक्षक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. अज्ञात वारंवारतांसाठी क्ष आणि य ही अक्षरे वापरली आहेत. सारण्यांतील संख्या काल्पनिक असून केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेल्या आहेत.

मध्यक दिला आहे, म्हणजे नेमकी कोणती माहिती दिली आहे?

मध्यकाच्या खाली जितकी निरीक्षणे आहेत तितकीच त्याच्या वर आहेत, एवढीच माहिती दिलेली असते. निरीक्षणे मध्यकापासून किती दूर आहेत, याविषयी मध्यक काहीही सांगत नाही. तो फक्त मोजणी करतो. या पानावरील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर याच एका गोष्टीतून निघते. सूत्र पाठ असूनही अज्ञात वारंवारतेचे उदाहरण ज्यांना अडते, त्यांचे बहुतेक वेळा हे मोजणीचे अंग समजून घ्यायचे राहिलेले असते, असे माझे ठाम मत आहे.

सूत्र कोणते, आणि ते कोठून आले?

मध्यक = खालची सीमा + [(एकूण वारंवारता ÷ २ − आधीची संचित वारंवारता) ÷ मध्यकवर्गाची वारंवारता] × वर्गांतर

राज्य मंडळाच्या गणित भाग १ मधील सहाव्या प्रकरणात, म्हणजे सांख्यिकीत, हेच सूत्र एल, एन, सीएफ, एफ आणि एच या अक्षरांनी लिहिलेले आहे. खालची सीमा आणि वर्गांतर (वर्गाची रुंदी) ही दोन्ही मध्यकवर्गाची, म्हणजे मध्यक ज्या वर्गात पडतो त्या वर्गाची, घ्यायची असतात. आधीची संचित वारंवारता म्हणजे मध्यकवर्गाच्या लगेच आधीच्या वर्गापर्यंतची ‘पेक्षा कमी’ प्रकारची संचित वारंवारता, अर्थात मध्यकवर्गाच्या आधीच्या सर्व वर्गांच्या वारंवारतांची बेरीज.

सूत्रामागे एक गृहीतक आहे : मध्यकवर्गातील निरीक्षणे त्या वर्गात समान अंतराने पसरलेली आहेत. हे मान्य केले, की उरते ते साधे प्रमाण. समजा ४० ते ६० या वर्गात २४ निरीक्षणे आहेत, त्याआधी एकूण २८ निरीक्षणे येऊन गेली आहेत आणि आपल्याला ४०व्या निरीक्षणापर्यंत पोहोचायचे आहे. अजून १२ निरीक्षणे हवीत. ती २४ची निम्मी आहेत, म्हणून वर्गाच्या २० एककांपैकी निम्मी, म्हणजे १० एकके पुढे जायचे आणि ५०वर थांबायचे. सूत्र हीच कृती एका ओळीत लिहिते.

वारंवारताच माहीत नाहीत, मग मध्यकवर्ग कसा ओळखायचा?

नेहमीच्या उदाहरणात आपण संचित वारंवारतेवरून मध्यकवर्ग शोधतो आणि मग मध्यक काढतो. येथे मध्यक आधीच हातात आहे, त्यामुळे तो ज्या वर्गात पडतो तोच मध्यकवर्ग. मध्यक ५० असेल आणि वर्ग ४०–६० असेल, तर त्यासाठी एकही वारंवारता माहीत असण्याची गरज नाही. पुष्कळ विद्यार्थी क्ष आणि य घेऊन संचित वारंवारतेचा स्तंभ भरतात आणि निम्म्या एकूण वारंवारतेशी तुलना करता येईना म्हणून तेथेच थांबतात. स्तंभ भरणे योग्यच आहे, कारण तो पुढे लागतो. मध्यकवर्ग ठरवण्यासाठी मात्र त्याच्यावर अवलंबून राहू नये.

दोन अज्ञात वारंवारतांचे एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवता येईल का?

८० शेतकऱ्यांच्या एकरी कांदा उत्पादनाची (क्विंटलमध्ये) सारणी अशी आहे, आणि मध्यक ५० क्विंटल आहे.

० – २० : ८
२० – ४० : क्ष
४० – ६० : २४
६० – ८० : य
८० – १०० : १२

सर्व वारंवारतांची बेरीज ४४ + क्ष + य आहे आणि ती ८० आहे; म्हणून क्ष + य = ३६. हे पहिले समीकरण.

मध्यक ५० हा ४०–६० या वर्गात आहे. त्याआधीची संचित वारंवारता ८ + क्ष आहे आणि एकूण वारंवारतेचा निम्मा भाग ४० आहे. सूत्रात किमती घालून

५० = ४० + [(४० − ८ − क्ष) ÷ २४] × २०

म्हणजे १० = (३२ − क्ष) × २० ÷ २४, म्हणून ३२ − क्ष = १२ आणि क्ष = २०. पहिल्या समीकरणावरून य = १६.

आता ताळा. वारंवारता ८, २०, २४, १६, १२ आहेत, बेरीज ८०, संचित वारंवारता ८, २८, ५२, ६८, ८०. निम्मी एकूण वारंवारता ४० ही २८ आणि ५२ यांच्या दरम्यान आहे, म्हणजे मध्यकवर्ग खरोखरच ४०–६० आहे. दोन ओळींचा हा ताळा उत्तरपत्रिकेत जरूर लिहावा.

हेच उत्तर सूत्राशिवाय काढता येते का?

येते, आणि ते शिकून घ्यावे असा माझा आग्रह आहे. मध्यक ५० हा ४०–६० या वर्गाला बरोबर मध्यावर छेदतो, म्हणून त्या वर्गातील २४ शेतकऱ्यांपैकी १२ मध्यकाच्या खाली आणि १२ वर जातात. मध्यकाच्या खाली एकूण ४० शेतकरी हवेत, म्हणून ८ + क्ष + १२ = ४० आणि क्ष = २०. वरच्या बाजूलाही ४० हवेत, म्हणून १२ + य + १२ = ४० आणि य = १६. येथे य काढण्यासाठी क्षची किंमतही लागली नाही.

या रीतीला पुढे ‘दोन बाजूंची मोजणी’ म्हटले आहे. मध्यक वर्गाच्या बरोबर मध्यावर नसला तरी ती चालते. वर्गाचा जेवढा हिस्सा मध्यकाच्या खाली असेल तेवढाच हिस्सा त्याच्या वारंवारतेचाही खाली धरायचा. परीक्षेत मांडणी सूत्राने करावी, कारण गुणांची विभागणी सहसा सूत्र, किमती घालणे आणि उत्तर अशा पायऱ्यांवर असते. ताळ्यासाठी मात्र हीच रीत वापरावी.

दोन अज्ञात असताना एकूण वारंवारता का द्यावी लागते?

वरच्याच सारणीत ८० ही संख्या दिलेली नाही असे समजू. दोन बाजूंची मोजणी तरीही करता येते : ८ + क्ष + १२ = १२ + य + १२, म्हणजे क्ष − य = ४. याच्या पुढे जाता येत नाही. क्ष = २० आणि य = १६ चालेल, तसेच क्ष = १० आणि य = ६ ही जोडीही चालेल; दोन्ही वेळा मध्यक ५०च येतो. मध्यकाने क्ष आणि य यांच्यातील फरक सांगितला, त्यांची बेरीज सांगितली नाही. ती एकूण वारंवारतेकडून मिळते आणि मग दोन एकसामयिक समीकरणे पूर्ण होतात. गणित भाग १ च्या पहिल्या प्रकरणातील दोन चलांतील रेषीय समीकरणांचा येथे असा थेट उपयोग होतो.

अज्ञात एकच आहे, पण एकूण वारंवारता दिलेली नाही. असे उदाहरण सुटते का?

सुटते. अज्ञात एक असेल तर मध्यकाचे एकच समीकरण पुरेसे असते. एकूण वारंवारताही त्या अज्ञाताच्या रूपात लिहायची असते. विद्यार्थ्यांच्या घरापासून शाळेपर्यंत चालत येण्याच्या वेळेची (मिनिटांत) ही सारणी पाहा. मध्यक २६ मिनिटे आहे.

० – १० : ५
१० – २० : क्ष
२० – ३० : २०
३० – ४० : १५
४० – ५० : ६

एकूण वारंवारता ४६ + क्ष, तिचा निम्मा भाग २३ + क्ष/२, आधीची संचित वारंवारता ५ + क्ष. या दोहोंची वजाबाकी १८ − क्ष/२ येते. येथे ‘२३ − ५ = १८’ एवढेच लिहून क्षकडे दुर्लक्ष करण्याची चूक वारंवार आढळते; क्ष निम्म्या भागातही आहे आणि संचित वारंवारतेतही आहे, दोन्हीकडचा हिशेब ठेवला पाहिजे. पुढे २६ = २० + (१८ − क्ष/२) × १० ÷ २० यावरून ६ = ९ − क्ष/४, म्हणून क्ष = १२.

दोन बाजूंच्या मोजणीने हेच अधिक लवकर दिसते. २६ हा २०–३० या वर्गाचा सहा-दशांश भाग ओलांडून पुढे आहे, म्हणून २० पैकी १२ विद्यार्थी खाली आणि ८ वर. तेव्हा ५ + क्ष + १२ = ८ + १५ + ६, म्हणजे क्ष = १२. एकूण वारंवारतेचा उल्लेखही करावा लागला नाही.

अज्ञात वारंवारता मध्यकवर्गाचीच असेल तर?

या प्रकाराची विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भीती वाटते, कारण आता अज्ञात छेदातही येतो. पर्जन्यमापकावर नोंदलेल्या दैनिक पावसाची (मिलिमीटरमध्ये) सारणी अशी आहे, आणि मध्यक २४ मिलिमीटर आहे.

० – १० : १०
१० – २० : १४
२० – ३० : क्ष
३० – ४० : १६
४० – ५० : ४

एकूण वारंवारता ४४ + क्ष, निम्मा भाग २२ + क्ष/२, आधीची संचित वारंवारता २४. म्हणून २४ = २० + (क्ष/२ − २) × १० ÷ क्ष. दोन्ही बाजूंना क्षने गुणले, की ४क्ष = ५क्ष − २० आणि क्ष = २०. छेदातील अज्ञातामुळे वर्गसमीकरण तयार होईल, ही शंका निराधार आहे. एकदा गुणाकार केला की समीकरण रेषीयच राहते. मोजणीच्या रीतीने पाहिल्यास १० + १४ + ०.४क्ष = ०.६क्ष + १६ + ४, म्हणजे ०.२क्ष = ४.

या उदाहरणात थोडे अधिक थांबावे असे काही आहे. कंस सोडवून पाहिले तर मध्यक = २५ − २०/क्ष असे मिळते. क्ष कितीही मोठा घेतला तरी मध्यक २५पर्यंत पोहोचत नाही, आणि क्ष = ४ घेतला तर तो बरोबर २०वर येतो. मध्यकवर्ग २०–३० असेल तर या सारणीचा मध्यक २० ते २५ याच पट्ट्यात राहू शकतो. समजा कोणी मध्यक २७ देऊन क्ष विचारला; तर २७ = २५ − २०/क्ष यावरून क्ष = −१० येईल. वारंवारता ऋण असू शकत नाही, म्हणून असे उदाहरणच चुकीचे आहे. कारणही स्पष्ट आहे : २०च्या खाली २४ दिवस आहेत आणि ३०च्या वर २०; खालची बाजू जड असल्यामुळे मध्यक वर्गाच्या मध्यबिंदूच्या अलीकडेच राहणार. शिक्षकांनी नवी उदाहरणे रचताना ही तपासणी आधी करावी, अशी विनंती आहे.

दोन्ही अज्ञात मध्यकवर्गाच्या एकाच बाजूला असतील तर काय होते?

तेव्हा मध्यक आणि एकूण वारंवारता मिळूनही उत्तर निघत नाही. कांद्याच्या सारणीत ०–२० साठी क्ष, २०–४० साठी य आणि पुढील वारंवारता २४, १६, १२ आहेत असे धरा. एकूण ८०, मध्यक ५०. बेरजेवरून क्ष + य = २८. मध्यकाच्या सूत्रात आधीची संचित वारंवारता म्हणूनही क्ष + य हीच राशी येते आणि पुन्हा क्ष + य = २८ हेच मिळते. समीकरणे दोन दिसतात, पण माहिती एकच असते. विद्यार्थी येथे एकातून दुसरे वजा करतात, ० = ० मिळवतात आणि आकडेमोड चुकली असे समजून पुन्हा सुरुवात करतात. चूक आकडेमोडीत नसते. मध्यकाच्या खाली किती आहेत एवढेच मध्यक सांगतो. ती संख्या खालच्या दोन वर्गांत कशी वाटली गेली, हे त्याला वेगळे करता येत नाही.

अशा वेळी दुसरी एखादी माहिती हवी. मध्य, म्हणजे सरासरी, ५१ दिली तर वर्गमध्य १०, ३०, ५०, ७०, ९० घेऊन १०क्ष + ३०य + ३४०० = ५१ × ८० = ४०८०, म्हणजे क्ष + ३य = ६८. आता क्ष + य = २८ यासह य = २० आणि क्ष = ८ मिळतात. मध्याऐवजी पहिला चतुर्थक ३२ दिला तरी काम होते : ३२ हा २०–४० या वर्गाचा सहा-दशांश भाग ओलांडतो आणि त्याच्या खाली एकूणाचा चौथा भाग, म्हणजे २० शेतकरी हवेत, म्हणून क्ष + ०.६य = २०; उत्तर तेच. उदाहरण हाती घेताच अज्ञात मध्यकवर्गाच्या कोणत्या बाजूला आहेत ते प्रथम पाहावे, हा सल्ला त्यासाठीच आहे.

उत्तर अपूर्णांकात आले तर ते चुकीचे समजावे का?

आधी आकडेमोड तपासावी. ती बरोबर असेल, तर दिलेला मध्यक पूर्णांकात रूपांतरित केलेला असण्याची शक्यता असते. कांद्याच्या पहिल्या सारणीत मध्यक ५०ऐवजी ५२ दिला, तर ३२ − क्ष = १४.४ आणि क्ष = १७.६ येतो. शेतकऱ्यांची संख्या १७.६ असू शकत नाही. क्ष = १८ घेतल्यास मध्यक सुमारे ५१.६७ येतो, जो जवळच्या पूर्णांकात ५२ होतो; क्ष = १७ घेतल्यास ५२.५ येतो. म्हणून १८ हे उत्तर मान्य करता येते, आणि मग यसुद्धा १८.

या सारणीत क्ष एकाने बदलला की मध्यक २० ÷ २४, म्हणजे सुमारे ०.८३ने सरकतो. हे अंतर एकापेक्षा कमी असल्यामुळे पूर्णांकात दिलेल्या मध्यकाला कधी कधी दोन उत्तरे जुळतात : मध्यक ‘४३’ सांगितला असेल, तर क्ष = २८ (मध्यक ४३.३३) आणि क्ष = २९ (मध्यक ४२.५) ही दोन्ही उत्तरे त्यात बसतात. मध्यक दोन दशांश स्थळांपर्यंत दिला, की ही संदिग्धता उरत नाही.

एकूण वारंवारता विषम असेल तर एक मिळवून निम्मे करायचे का?

नाही. एक मिळवण्याची रीत सुट्या, क्रमाने मांडलेल्या संख्यांसाठी आहे. वर्गीकृत सारणीत निरीक्षणे सलग पसरलेली मानली जातात, त्यामुळे एकूण ७५ असेल तर ३७.५ घ्यावे आणि तो अपूर्णांक तसाच पुढे न्यावा.

दिलेला मध्यक बरोबर दोन वर्गांच्या सीमेवर असेल तर कोणता वर्ग घ्यावा?

कोणताही घ्या, समीकरण एकच मिळते. कांद्याच्या पहिल्या सारणीत मध्यक ४० असता, तर ४०–६० हा वर्ग घेतल्यावर ४० − ८ − क्ष = ० येते, आणि २०–४० घेतल्यावर ४० = २० + (४० − ८) ÷ क्ष × २० येते. दोन्हींतून क्ष = ३२ आणि य = ४.

वर्ग ११–२०, २१–३० असे सलग नसतील तर?

सूत्र वापरण्यापूर्वी ते १०.५–२०.५, २०.५–३०.५ असे सलग करून घ्यावेत. ही पायरी गाळल्यास चूक लपून राहते, म्हणून एक उदाहरण देतो. वर्ग ११–२०, २१–३०, ३१–४०, ४१–५०, वारंवारता ६, क्ष, २०, १०, मध्यक ३४.५. मध्यकवर्ग ३०.५–४०.५ असल्यामुळे खालच्या बाजूला २० पैकी ८ आणि वरच्या बाजूला १२ जातात; ६ + क्ष + ८ = १२ + १०, म्हणून क्ष = ८. खालची सीमा ३०.५ऐवजी ३१ घेतली असती, तर ७ आणि १३ असे भाग पडून क्ष = १० आला असता. तेही स्वच्छ पूर्णांकी उत्तर आहे, त्यामुळे संशयही येत नाही.

वयाच्या सारण्यांत एक वेगळी बाब लक्षात घ्यावी लागते. वय पूर्ण झालेल्या वर्षांत नोंदवलेले असेल, तर २०–२९ या वर्गात विसावा वाढदिवस झालेल्यापासून तिसावा वाढदिवस न झालेल्यापर्यंत सर्व जण येतात. तेथे खरी सीमा १९.५ नसून २० असते. शालेय उदाहरणात पाठ्यपुस्तकाची रीत पाळावी, परंतु प्रत्यक्ष सर्वेक्षणाच्या आकड्यांवर काम करताना नोंद कशी केली आहे हे विचारल्याशिवाय ०.५ वजा करू नये.

वर्गांची रुंदी असमान असेल किंवा शेवटचा वर्ग ‘१०० पेक्षा जास्त’ असा खुला असेल तर?

मध्यकाला त्याने फरक पडत नाही, जोपर्यंत मध्यकवर्ग स्वतः खुला नाही. सूत्रात फक्त मध्यकवर्गाचे वर्गांतर येते; इतर वर्गांची केवळ वारंवारता मोजली जाते. मध्य काढायचा असता, तर खुल्या वर्गाचा वर्गमध्य ठरवता आला नसता.

सारणी संचित वारंवारतेत दिली असेल आणि अज्ञात संख्या त्यातच असेल तर?

प्रथम वजाबाकीने प्रत्येक वर्गाची वारंवारता लिहून काढावी. सारणी ‘पेक्षा जास्त’ प्रकारची असेल, तर प्रत्येक संख्या एकूणातून वजा करून ती ‘पेक्षा कमी’ प्रकारात आणावी. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की संचित स्तंभातील एक अज्ञात दोन वर्गांच्या वारंवारतांत शिरतो. उदाहरणार्थ, २० पेक्षा कमी : ८, ४० पेक्षा कमी : क्ष, ६० पेक्षा कमी : ५२, ८० पेक्षा कमी : ६८, १०० पेक्षा कमी : ८०, आणि मध्यक ५०. मग २०–४० ची वारंवारता क्ष − ८ आणि ४०–६० ची ५२ − क्ष. अज्ञात मध्यकवर्गातही आहे आणि त्याच्या आधीही; तरीही मोजणी सरळ आहे. ४०च्या खाली क्ष, आणि मध्यकवर्गाचा निम्मा भाग (५२ − क्ष) ÷ २. दोन्ही मिळून ४० हवेत. म्हणून २क्ष + ५२ − क्ष = ८० आणि क्ष = २८; दोन वर्गांच्या वारंवारता अनुक्रमे २० आणि २४.